पंख्याला पाणी

आमच्या ह्यांनी उमेदीची सगळी वर्षं विमानदलात फिटर म्हणून काढली. विमानं नीट ह्यांनी करायची आणि उडवायची दुसऱ्यांनी. एका साहेबानं दोन-चारदा शेजारी बसवून विमान वळवायचा दांडा हातात दिला होता, तेवढंच. पण त्या तेवढ्यावरच पेन्शन घेऊन कडेगावला आले ते डोक्यात विमान घेऊन. एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. फौजेतून परतलेली माणसं विहिरीवर मोटार बसवत होती, ऊस लावत होती. ह्यांनी लोखंडी नळ्या, फळ्या आणि जाड कापड गोळा करायला घेतलं. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. पोरं विचारायची, "बाई, तुमच्या घरात इमान हाय व्हय?" मी म्हणायची, "नाही रे, खूळ आहे."

विमान उभं राहिलं ते मात्र तासगावला, माझ्या माहेरी. वडिलांची द्राक्षबाग होती आणि बेदाणा वाळवायचं लांबलचक शेड. हंगाम संपला की ते रिकामंच असायचं. आबांना जावयाचं भारी कौतुक. स्वतः ते कधी आगगाडीतसुद्धा बसले नव्हते, पण पावणं विमान करतात हे सांगायला एस.टी. स्टँडपर्यंत पायी जायचे. मला हे मुळीच आवडत नव्हतं. एकटं खूळ निवलं असतं; त्याला घरचाच पाठीराखा मिळाला, मग कसलं निवतंय!

इंजिन होतं एका चेपलेल्या मोटारीचं. ते बसलं, चाललं. अडलं पंख्यापाशी. नवा पंखा आमच्यासारख्याला कुठून मिळणार? शेवटी सांगलीत एका भंगारवाल्याच्या अंगणात एक जुना लाकडी पंखा सापडला. त्यानं तो दारावर शोभेला लावला होता. हे तो खांद्यावर घेऊन एस.टी.च्या टपावर चढवायला निघाले तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "ही कसली फळी?" अशा वेळी हे बहिरे व्हायचे.

पंखा विमानाचाच होता, पण दुसऱ्या कुठल्या तरी विमानाचा. तो मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या इंजिनासाठी केलेला आणि आमचं इंजिन लहान, भराभर फिरणारं. पात्याला पीळ असतो, स्क्रूसारखा; पीळ जास्त तितका एका फेऱ्यात पंखा पुढं जास्त खेचणार. हा पंखा लांब आणि पीळही जास्त. पहिल्यांदा बसवला तेव्हा इंजिन घुसमटायला लागलं, वेगच धरेना. मग ह्यांनी दोन्ही टोकं थोडी थोडी कापली, पाती पुन्हा तासली, आडव्या सळईवर पंखा तोलून बघितला. एक बाजू खाली जायची, तिला कानस लावायची, की दुसरी खाली. दिवसचे दिवस हेच. मधल्या जाड लाकडातली भोकंही इंजिनाच्या चकतीशी जुळेनात. ती बुजवून नवी पाडावी लागली. पाती रोगणानं चकाकत होती, पण नव्या भोकांच्या आत लाकूड रोगणाविना उघडंच राहिलं.

मी एकच अट घातली होती. सरकारी परवानगीचं विचारलं की "आधी उडू तर दे" म्हणायचे, तेव्हा तो विषय मी सोडलाच होता. पण पंखा पुरा जुळल्याशिवाय चाक जमिनीवरून उचलायचं नाही, हे मी माझ्या गळ्याची शपथ घालून त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मला भीती वाटायची. साधी, रोजची भीती, भाकरी थापतानासुद्धा वाटणारी. हा माणूस वर जाणार आणि मला पांढरं कपाळ घेऊन शाळेत हजेरी घ्यावी लागणार, हे मला दिसायचं.

त्या वर्षी बेदाण्याचा हंगाम आला तसं विमान शेडातून बाहेर निघालं. दोन महिने ते चिंचेखाली, ताडपत्रीखाली. उन्हाळ्याचा तो वारा ओलं फडकं घटकेत वाळवतो. हंगाम संपल्यावर ह्यांनी पाना लावून बघितलं तर पंख्याचे बोल्ट सैल. आबा शेजारीच बसले होते.

"लाकूड सुकलंय मामा," हे म्हणाले, "आकसलंय."

"मग पाणी पाजा की. गाडीचं चाक न्हाई का सुकत? वरची लोखंडी धाव सैल झाली की आमी वड्यात नेऊन बुडवून ठेवतो. लाकूड फुगतंय, धाव गच्च बसतीया."

हे नुसते हसले. समजावून सांगायला हवं होतं, पण ह्यांची रीत ती नव्हती. हसले, आणि पेट्रोलची नळी आणायला सांगलीला गेले. तिथं ते दोन दिवस अडकले.

परत आल्यावर पाना लावला तर बोल्ट गच्च! ह्यांना वाटलं, झाडाच्या सावलीत हवा पालटली, लाकूड आपोआप सावरलं. खूश झाले. विमानदलातली पद्धत अशी, की बोल्ट घट्ट आहेत अशी खात्री झाली की त्यांना तारेनं एकमेकांशी बांधून टाकायचं. एकदा तार पिळली की पुन्हा पाना लावायचा नाही. तार शाबूत तर बोल्ट शाबूत. ह्यांनी तार पिळली. इंजिन चालवलं, तर पंखा असा गुळगुळीत फिरला की मीसुद्धा बघत राहिले. "जुळला," हे म्हणाले. माझी अट पुरी झाली होती, आता कुठल्या तोंडानं अडवू?

नंतरचा आठवडा उन्हाचा. विमान माळावर नेलं. एका सकाळी वारा पडलेला असताना उडायचं ठरलं आणि आदल्या संध्याकाळी शेवटची चाचणी. शेपूट दोरखंडानं बाभळीला बांधलं. मी आणि आबा लांब बांधावर बसलो. हे विमानात बसले, इंजिन पेटलं, आवाज चढत गेला. थोड्या वेळानं मला वास आला. चुलीत ओलं-सुकं लाकूड कोंदून जळावं तसा. मी उठून उभी राहिले, ओरडले, पदर हलवला. ह्यांनी मला बघितलं आणि हात हलवून उत्तर दिलं. त्यांना वाटलं, मी शाबासकी देतेय.

मग फाटकन आवाज झाला. एक पातं माळ ओलांडून कुठं गेलं ते दिसलंच नाही. उरलेल्या एका पात्यानं इंजिन असं हासडलं की पुढचा सांगाडा फाटला आणि विमान नाकावर बसलं. धूळ खाली बसली तेव्हा हे जागेवरच होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी धावत गेले. आधी त्यांचे हातपाय चाचपले, मग येतील तेवढ्या शिव्या घातल्या. मला रडू येत होतं आणि राग त्याच्याहून जास्त येत होता.

ह्यांनी पंख्याचा मधला तुकडा सोडवला. भोकं लांबट झाली होती, आतून काळी, जळालेली. तार शाबूत होती. लाकूड बोल्टांच्या कचाट्यात फुगून चिरडलं होतं आणि मग उन्हात वाळून आधीपेक्षा जास्त आकसलं होतं. सैल लाकूड लोखंडावर घासून घासून पेटलं होतं. एका भोकाच्या तोंडाशी तागाचे धागे चिकटलेले होते, पोत्याचे.

"ह्याला पाणी कुणी घातलं?" हे हळूच म्हणाले.

मला विचारायची गरजच नव्हती. मी तशीच आबांकडे वळले. ते तुटलेलं पातं शोधून खांद्यावर घेऊन येत होते. मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "पावणं, चुकलं आमचं. दोन दीस ओली पोती बांधून ठिवली हुती, सकाळ-संध्याकाळ पाणी मारत हुतो. तुमी कामात, म्हणून बोललो न्हाई. पर चाकाला चार दीस लागत्यात. पाणी कमी पडलं व्हय?"

त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्या पाण्यानं पंखा तुटला हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. थोडं आणखी घातलं असतं तर जावयाचं विमान उडालं असतं, एवढंच त्यांना दुःख. मी बोलणार होते. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण हे माझ्या पुढं आले, आबांच्या खांद्यावरचं पातं उतरवून घेतलं आणि म्हणाले, "व्हय मामा. जरा कमी पडलं."

त्यानंतर ह्यांनी विमानाला हात लावला नाही. आबा मात्र ज्याला-त्याला सांगत राहिले, आमचं पाणी कमी पडलं. लोक हसायचे, आणि हे शेजारी बसून मान डोलवायचे.

माळावरच्या त्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही कडेगावला परतलो होतो. एस.टी.त मी ह्यांना विचारलं, "खोटं का बोललात? उद्या आबा आणखी कशाला तरी पाणी पाजतील."

ते म्हणाले, "आज सकाळी मी वर असतो आणि पडलो असतो, तर तुझ्या बापाला कुणी सांगायचं हुतं, की तुमच्या हातानं झालं म्हणून?"

"मी सांगितलं असतं," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "व्हय," म्हणाले, "तू सांगितलं असतंस." आणि बाकावर माझ्यापासून थोडे लांब, खिडकीकडे सरकून बसले.