सांगणारी आपली आहे

गावात गेलं की माणसं आधी देवळाकडं वळतात. बाई आधी धुण्याच्या जागी जायच्या. कॉलेजात त्या आम्हाला इतिहास शिकवत, पण जीव सगळा मूर्तिकलेत. पडक्या देवळांतले कोरीव दगड लोकांनी पालथे घालून त्यावर धुणं सुरू केलंय, हे त्यांनी जिल्हाभर हिंडून हेरलं होतं. ओढ्याकाठी पदर खोचून म्हणायच्या, "जरा सरका गं, मला ह्याची खालची बाजू बघायचीय."

दगड पलटायला चार बायका लागत, आणि चार बायका जमल्या की बाई मूर्ती सोडून रेशनवर नि मजुरीवर घसरत. ताडकळसच्या बायकांचा मोर्चा असाच धुण्यावरून उठून तहसीलवर गेला. रेशन मिळत नाही याचा साहेबांनी पुरावा मागितला. बाई मोर्च्यातल्या एकीकडं बोट करून म्हणाल्या, "ही सांगायलीय ना? हाच पुरावा." बाईमाणसाचा शब्द त्यांनी कधी तपासून पाहिला नाही. त्यावरून बरोबरचे कार्यकर्ते त्यांची थट्टाही करायचे.

वालूरला माझ्या सासरी अंगणात तसलाच एक दगड होता. पहिल्याच भेटीत बाईंची नजर त्यावर गेली. सासूबाई मला आत ओढून म्हणाल्या, "खाली देव निघाला मंजी? मग धुणं कुटं धुवायचं?" मी नवी सून. बाईंना म्हटलं, पुढच्या खेपेला बघू. ही पुढची खेप मी अकरा वर्षं लांबवली, कसली शहाणी मी!

मग बाई आजारी पडल्या. फोनवर धाप लागत होती, तरी विचारलंच, "तो दगड पलटवलास का गं?" मला लाज वाटली आणि लाजेपोटी खोटं बोलून गेले, "पलटवला बाई. कोरा निघाला."

"बरं. लिहून ठेवते."

त्यानंतर पंधरा दिवसांत त्या गेल्या.

मागच्या महिन्यात फरशी बसवताना गवंड्यानं तो दगड उलटा केला. खाली एक स्त्री कोरलेली, पाय रोवून उभी, उजवा हात वर. हातातलं फुटलंय; तलवार होती का फूल, मला कळत नाही. बाईंनी एका नजरेत सांगितलं असतं. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं. मला तिच्याकडं बघवेना.

बाईंची दगडांच्या नोंदींची वही त्यांच्या भाचीकडं होती. चूक दुरुस्त करावी म्हणून मागून आणली, पेन उघडलं. शेवटच्या पानावर वेडंवाकडं अक्षर होतं: "वालूर. दगड एक. कोरा. मी पाहिला नाही, पण सांगणारी आपली आहे."