समुद्र नसलेल्या देशाची बंदूक

शाळांच्या स्नेहसंमेलनांना मी भाड्यानं पोशाख आणि लाकडी बंदुका पुरवतो. बंदुका घडवणारा मिस्त्री लातुरात गंजगोलाईमागं बसतो. काहीही बोलण्याआधी तो हातातल्या लाकडावर फुंकर मारतो. खऱ्या फौजेसारखी बंदूक कर म्हटलं, की ऐकत नाही. त्यानं मनानंच एक देश उभा केलाय आणि त्याच देशाची बंदूक तो घडवतो. पायदळाची लांब, उंटस्वारांची आखूड, आरमाराची वेगळी.

"तुझ्या देशाला समुद्रच न्हाई, मग आरमार कशाला?"

फुंकर. "उद्या पाणी आलं तर? लातूरकरानं तरी हे इचारू नये, शेट."

यंदा मी भांडून बंदुका काळ्या रंगवून घेतल्या, नळ्यांना भोकंही पाडायला लावली. "बरं. पर मी संगं येणार," एवढंच तो म्हणाला.

औशाच्या शाळेत बंदुका पोचवायला दोघं निघालो, तर एसटीत गोणीतून नळ्या बाहेर आल्या. शेजारची बाई घाबरून उठली. कंडक्टरनं नाक्यावर गाडी थांबवून हवालदाराला आत बोलावलं. हवालदाराचा हात कमरेकडं गेला. मी घाईघाईनं नळ्या गोणीत कोंबायला लागलो.

मिस्त्री हळूच वाकला. त्यानं आखूड बंदुकीची नळी ओठांना लावून फुंकर मारली. शिटी वाजली. भोकं पाडताना त्यानं प्रत्येक नळीची शिटी केली होती.

"आमच्या देशात बंदूक अशीच वाजती, साहेब."

सगळी गाडी हसली. मला न विचारता त्यानं हे केलं, याचा राग अजून गेलेला नाही. पण तो संगं असल्याशिवाय मी ती गोणी उचलत नाही.