हळव्या भाताचं बी

लग्न होऊन नेऱ्याजवळच्या गावात आले, तेव्हा त्या घरात दहावी झालेली मी एकटीच. त्याचा मला ताठा होता. आमचं शेत डोंगराच्या उतारावर, पाणी न धरणारं. सासूबाई तिथं हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात लावत. बुटकं, लालसर दाण्याचं, पीक बेताचंच. पण गणपती गेले की पंधरा दिवसांत कापणीला यायचं. बियाणं पेंढ्याच्या मुड्यात बांधून त्या चुलीवर, धुरात टांगून ठेवत.

एका उन्हाळ्यात शेतकी खात्याचे साहेब सुधारित बियाण्याच्या पिशव्या घेऊन आले. पीक दुप्पट, फक्त तयार व्हायला महिनाभर जास्त. सासूबाई म्हणाल्या, "म्हैनाभर जास्त पाऊस कुठून आनायचा? आताशा तो दसऱ्यापतूर बी ऱ्हात नाय."

"आई, शिकलेली माणसं उगाच सांगतील का?" मी म्हटलं. नवऱ्याला पटवलं तेही मीच.

त्या वर्षी पाऊस दसऱ्यानंतरही टिकला आणि घर भातानं भरलं. मी गावभर सांगत फिरले. शेजारच्या घरांनीही पिशव्या आणल्या.

पुढच्या पेरणीला सासूबाई म्हणाल्या, "एक वाफा तरी आपलं पेर. बी वरीसभर पडून हाय. आनखी ठेवलं तर मरंल."

"पुढच्या वर्षी बघू," मी म्हटलं.

त्या वर्षी भाद्रपदातच पाऊस गेला. भात पोटरीत होतं, लोंबी अजून आतच. नवरा आणि मी विहिरीवरून हंडे वाहत राहिलो, पण भेगाळलेल्या जमिनीत पाणी नुसतं गडप व्हायचं. लोंब्या बाहेर पडल्या त्या पांढऱ्या, पोचट. आम्ही भात कापलं ते गुरांसाठी. शेजाऱ्यांचंही तेच झालं. साहेब बघायला आले आणि म्हणाले, "वाण चांगलाच आहे. पाऊस चुकला."

तिसऱ्या वर्षी सासूबाईंनी मुडा सोडला. पालापाचोळा जाळून भाजलेल्या वाफ्यात बी टाकलं. दहा दिवस झाले तरी वाफा काळाच. त्यांनी बोटानं माती उकरली, एक दाणा चिमटीत दाबला. त्याचा भुगा झाला.

मग त्या माहेरी, आपट्याला निघाल्या. मीही गेले. घरोघरी विचारलं. सगळीकडे नवंच बियाणं. त्यांची एक म्हातारी चुलती म्हणाली, "तुज्याकडं असंल म्हनून तर आमी निर्धास्त होतो गं."

परतताना एसटीत मी म्हटलं, "आई, माझं चुकलं."

"तुजं नाय," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मी ऐकलं, ते चुकलं."

त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत.

काही वर्षांनी गावात पुन्हा सभा झाली. तोवर आम्ही पिशवीतलंच बी पेरत होतो, आणि नवरा खारघरला इमारतींच्या कामावर जाऊ लागला होता. साहेब नवे होते. म्हणाले, पावसाचा भरवसा राहिलेला नाही, म्हणून कमी दिवसांत, कमी पाण्यात येणारं संकरित भात लावा. सासूबाई पुढेच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "याचं बी घरी धरता येल?"

"नाही आजी. दर वर्षी नवं घ्यावं लागेल."

"म्हंजे पाऊस आपल्या हाती नाय, आन पेरायचं पन तुमालाच इचारून?"

साहेबांना वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि बियाण्याची पिशवी न घेता चालू लागल्या. मला हाक मारली नाही.

उतारावरचं शेत त्या वर्षीपासून पड राहिलं.