पत्र्याच्या पलीकडचा हात

शेवटचा पत्रा मी आणि माझ्या बायकोनं मिळून कापला. पुठ्ठ्याचा फर्मा पत्र्यावर ठेवून ती त्याच्यावर गुडघे टेकून बसली आणि मी खिळ्यानं कडेकडेनं रेघ ओढली. लुगडं आवर, खिळा लागंल, म्हणालो. म्हणाली, पंधरा वर्सात लागला न्हाय तो आजच लागतोय व्हय. मग मी कात्री चालवायला लागलो आणि ती चहा बघायला उठली. उठताना पत्र्याची कड धरून उठली, ते मी पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं.

त्याच कामासाठी पत्रा दुसऱ्यांदा कापत होतो. पहिला वाया गेला होता आणि तो तिच्यामुळं गेला असं मी धरून बसलो होतो.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. साल नेमकं आठवत नाही, उसाची तोड चालू होती एवढं आठवतं. कळसला रस्त्याच्या कडेला माझं शेड होतं. शाळा चौथीपर्यंत. काम शिकलो बारामतीत, ट्रकच्या बॉड्या बांधायच्या तिथं, शिव्या खात. गाडीचं मडगार्ड, दार, बॉनेट, काय म्हणाल ते सपाट पत्र्यातनं हातानं काढून द्यायचो.

या कामाला दोन माणसं लागतात. पत्र्याला गोलाई आणायची तर बाहेरनं हातोडी मारायची आणि आतनं बरोब्बर त्याच जागी डॉली धरायची. डॉली म्हणजे मुठीत मावेल असा लोखंडी ठोकळा. दोन गडी ठेवून बघितले, दोघंही पळाले. मग ही आली. हिच्या बापाची मेंढरं होती. कातरणीच्या वेळी मेंढरू दाबून धरायचं काम लहानपणापासून हिचं. म्हणाली, मेंढरू हालतं, पत्रा तर हालतबी न्हाय. आणि डावखुरी होती, त्यामुळं समोरासमोर उभं राहिलं की माझी हातोडी आणि तिची डॉली एका रेषेत यायची.

मधे पत्रा उभा, त्यामुळं काम करताना आम्ही एकमेकांना दिसायचो नाही. मला खाली तिची पावलं तेवढी दिसायची. बोलायचीही गरज नव्हती. हातोडी सरकली की आवाजावरनं तिची डॉली सरकायची. डॉली बरोबर मागं असली की आवाज घट्ट येतो, ठण्ण. सुटली की पत्रा भद्द बोलतो आणि तिथं खळगा पडतो. पंधरा वर्षं ठण्ण ऐकलं.

त्या हंगामात डाळजच्या एका वडापवाल्यानं त्याची प्रवासी वाहायची जीप आणून लावली. डावं मडगार्ड गंजून गळून पडलं होतं, नवीन करून पाहिजे होतं. गाडी उभी म्हणजे धंदा बंद, म्हणून तो रोज येऊन डोक्यावर बसायचा. मिस्तरी, मडगार्ड करताय का देवाचा मुखवटा, असं टोचून बोलायचा. आणि नेमका तेव्हाच आवाज बिघडला. चार ठोके घट्ट, पाचवा भद्द. मी ओरडायचो, ती सावरून धरायची, पुन्हा भद्द. एकदा डॉली तिच्या पायावरच पडली.

मी विचारलं, काय होतंय. म्हणाली, "हात झोपतोय."

"मग उठीव त्याला," मी म्हणालो. "रातभर झोपून भागलं न्हाय का त्याचं?"

वडापवाला हसला. तीपण हसली, म्हणून मला वाटलं काही नाही. सात-आठ दिवस हेच चाललं. मी रोज बोललो. लक्ष कुठंय, माहेरी गेलंय का, हातात जीव हाय का न्हाय. शेवटचं ते वाक्य मी खरंच म्हणालो होतो. पत्र्याचा आवाज मला कुणापेक्षा जास्त कळतो असा तालुक्यात माझा तोरा. आवाज बिघडला हे कळलं. पलीकडं माणूस बिघडतंय हे कळलं नाही. मी त्याला कामातली चूक समजलो.

त्या दिवशी चहा झाल्यावर नवीन पत्रा उभा केला. वडापवाला बाकड्यावर तंबाखू मळत होता. पहिले धा-बारा ठोके चांगले पडले. मग भद्द. मी म्हणालो, नीट धर. पुन्हा भद्द. मी चिडून अजून दोन मारले, जोरात. तेवढ्यात डॉली जमिनीवर पडली आणि खाली दिसणारी तिची पावलं वाकडी झाली. पलीकडं गेलो तर ती जीपच्या चाकाला टेकून बसली होती. तोंड एका बाजूला ओढलं होतं.

वडापवाल्यानं हातातली तंबाखू टाकून जीप चालू केली. बॉनेट सुतळीनं बांधलेलं, डाव्या चाकावर काहीच नाही. तिला पुढं मधे बसवलं आणि मी कडेला बसून तिला कवळा घातला. उघडं चाक खडी उडवत होतं, काचेवर, माझ्या तोंडावर. मी तिच्या तोंडावर पदर ओढला. कन्हेरीच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. एकाला एक जोडलेल्या, वर ऊस रस्त्याबाहेर लोंबतोय, समोरचं दिसत नाही. वडापवाला हॉर्नवरचा हात काढीना. ट्रॅक्टरवाल्याला ऐकूच जाईना, त्याचा टेप चालू. मी उतरून पळत पुढं गेलो आणि ट्रॅक्टरच्या आडवा उभा राहिलो. त्यानं पहिल्यांदा शिवी दिली, मग माझं तोंड बघून गाडी खाली घेतली.

परत बसलो तर ती जड जिभेनं म्हणाली, "अवो, माझा हात कुठं पडला? बघा की."

हात तिच्या मांडीवरच होता. मी तो उचलून तिच्या दुसऱ्या हातात दिला. तिनं तो दुसऱ्या कुणाचा असल्यागत चाचपला.

बारामतीच्या दवाखान्यात तिला आत घेतलं. आमची एकुलती एक मुलगी कन्हेरीला दिलेली. वडापवाला तिच्या घरी जाऊन तिला घेऊन आला. ती पोचली आणि डॉक्टर बाहेर आले, दोन्ही एकदमच. डॉक्टरांनी विचारलं, हे आजच झालं का? आधी कधी हात बधिर होणं, हातातली वस्तू सुटणं, असं काही?

मुलगी माझ्या तोंडाकडं बघत होती.

"न्हाय," मी म्हणालो. "आजच."

वडापवाला खाली बघत उभा होता. त्याला सगळं माहीत होतं. मी त्याच्याकडं बघितलं नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि ते आत गेले. खरं सांगितलं असतं तर त्या दिवशी काही फरक पडला असता का, मला माहीत नाही. आठ दिवस आधी आणलं असतं तर, हेही मी कधी कुणाला विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, असं लिहितो.

दुपारी बाराच्या सुमाराला ती गेली. मला आत बोलावलं तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. दिवस मावळायच्या आत आम्ही कळसला आलो आणि उजेडातच सगळं उरकलं. माणसं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होती, चांगलं मरण आलं, कसला त्रास न्हाय, कुणाला कळायच्या आत गेली. मी मान हलवत होतो. मुलगीही येणाऱ्या बायकांना तेच सांगत होती, आबा म्हणले आजच झालं, आईला आदी कायबी नव्हतं. ती सांगायची आणि मी ऐकायचो. चार-पाच वेळा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारनं चहा आला. मुलीनं कप माझ्यापुढं ठेवला आणि चुलीपाशी बसली. मी कपाला हात लावला नाही.

"आईचा हात आठ दिस सुटत हुता," मी म्हणालो. "मला म्हणाली हुती, झोपतोय म्हणून. मी शिव्या दिल्या. डाक्टरला मी खोटं सांगितलं."

मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मामा भाईर बसल्यात. त्यास्नीबी सांगा. मी न्हाय सांगनार."

तिचा मामा म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. आदल्या दिवशी तिरडीचा पुढचा दांडा त्यानंच धरला होता. ओट्यावर भावकीतली माणसं बसली होती, सगळी एकदम माझ्याकडं बघायला लागली. मी मेव्हण्याच्या समोर उकिडवा बसलो आणि ज्या दिवशी पहिल्यांदा आवाज बिघडला त्या दिवसापासून सांगायला लागलो.