एकाच खोलीतले सहा सर्व्हर

संगणकाच्या पडद्यावर सगळे सर्व्हर हिरवे दिसले की आम्ही चहाला निघायचो. सकपाळभाऊ मात्र आधी शेजारच्या खोलीत जाऊन सहाही सर्व्हरांच्या पाठीवर तळहात ठेवून यायचे. "पडद्यावर कोणपण कायपण लिहील गो," मला म्हणायचे, "हात लावल्याशिवाय खरं मानायचं नाय." महाडच्या ऑफिसात मी नवी होते तेव्हा मला हा माणूस थोडा चक्रमच वाटला होता.

यशवंत सकपाळ पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीचे. मुंबईत वीस वर्षं मोठ्या कंपन्यांचे डेटाबेस सांभाळून पन्नाशीत गावाकडे परतलेले. आमची संस्था डोंगरातल्या वाड्यांवर छोटे दवाखाने चालवते. रुग्णांच्या नोंदी या सहा सर्व्हरांवर असत, आणि एखादा बंद पडला तरी काम अडू नये म्हणून प्रत्येक नोंद त्यांतल्या तीन सर्व्हरांवर उतरवलेली असे. भाऊ फटकळ होते. साहेबासमोर त्यांचा आवाज खाली आलेला मी कधी ऐकला नाही.

गोची एकच होती. सहाही सर्व्हर सावित्री नदीपासून हाकेच्या अंतरावर, तळमजल्यावरच्या एकाच खोलीत. तिथल्या भिंतीवर जुन्या पुराची रेघ माझ्या खांद्याच्याही वर होती. भाऊ दर बैठकीत तेच सांगत. "आमच्या वाडीत बियाण्याचं भात कोण एका घरात ठेवत नाय. तीन घरांत ठेवतात, नि तिन्ही घरं एका कड्याखालची नसतात. दरड सांगून येत नाय." संचालक हसून पुढचा विषय घेत.

मग देणगीदारांचा फॉर्म आला. नोंदी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत, असं त्यावर लिहून द्यायचं होतं. प्रत्येक सर्व्हरच्या फाइलमध्ये तो कुठल्या गावच्या केंद्रात, कुठल्या रॅकमध्ये आहे ते लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवूनच डेटाबेस ठरवतो, कुठली नोंद कुठे शोधायची. संचालकांनी सोपा मार्ग काढला. तीन सर्व्हरांच्या फाइलीत 'महाड' खोडून 'पोलादपूर' लिहा, झालं. सर्व्हर आम्ही दोघंच सांभाळायचो; भाऊ रजेवर होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी नाव बदललं, तर सर्व्हर चालूच होईना. आधीचं केंद्र वेगळं होतं, अशी तक्रार करून तो थांबे. ती तक्रार डावलायची एक सोय असते. मी ती वापरली. तिन्ही सर्व्हर चालू झाले आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ परतले, आणि वरच्या एका दवाखान्यातून आलेला फोन त्यांनीच उचलला. नर्सबाई सांगत होत्या, पार्वतीबाई नावाच्या रुग्णाची नोंद कोरी दिसतेय, इंजेक्शन देऊ का?

"हात थांबवा, बाई. कोरं दिसतंय म्हणजे काय नाय, असं नाय."

जुन्याच नावाने चालणाऱ्या सर्व्हरवर त्यांनी नोंद शोधून काढली. त्याच इंजेक्शनाने पार्वतीबाईंना मागे धाप लागली होती, शुद्ध हरपली होती. डेटाबेस ती नोंद माझ्या खोट्या 'पोलादपूर'मध्ये शोधत होता आणि तिथे ती कधी उतरवलेलीच नव्हती.

भाऊ मला ओरडले नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांनी जुनी नावं परत लावून सगळ्या नोंदी तपासल्या आणि मला घेऊन संचालकांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, पोलादपूरला उंचावरची खोली घ्या. तीन सर्व्हर एकेक करून रिकामे करू, तिकडं नेऊ, नव्या नावानं कोरे उभे करू, नि सगळ्या नोंदी त्यांच्यावर उतरवून घेऊ. महिना लागंल."

"अहो सकपाळ, फॉर्म शुक्रवारी जायचाय. एक नाव बदलायला एवढं काय?"

"तो सर्व्हर खोटं नाव घ्यायला तयार नव्हता. आपण त्याचं तोंड दाबलं. माझं दाबायला जाऊ नका."

फॉर्म पुढ्यात ओढून त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'सहाही सर्व्हर महाडमध्ये एकाच खोलीत आहेत', आणि खाली सही ठोकली. संचालकांनी कागद फाडला. दुसऱ्या दिवशी भाऊंना नारळ मिळाला. मला त्याचा आजही संताप येतो. मी रडत होते, तर भाऊ दारातून वळून म्हणाले, "रडतेस काय गो मेघा? चुकलीस ते चुकलीस. आता कुणी सांगितलं म्हणून परत करू नको, बस."

शुक्रवारी संचालकांनी नवा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. जबाबदार कर्मचारी म्हणून त्यावर आता माझं नाव होतं. घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं. 'दोन वेगळ्या ठिकाणी' हे शब्द मी खोडले, वर भाऊंचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि सही केली.

"हाही फाडायचा असेल तर फाडा, सर," मी म्हणाले. "पण तिसऱ्यावर सही करणारं आता या ऑफिसात कुणी उरलेलं नाही."