गिनतीबाबा

आयुष्यातला माझा सगळ्यात बाणेदार अर्ज मी एकोणिसाव्या वर्षी लिहिला आणि पुढच्याच आठवड्यात त्याचं फळ गजांआड बसून खाल्लं. अर्ज गिनतीबाबांविरुद्ध होता.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. नागपुरात आमच्या मोहल्ल्याच्या टोकाचा ओस पडलेला जुना तुरुंग सरकारनं आमच्या मंडळाला दिला. एका कोठडीत वाचनालय आलं, दुसरीत पेटी-तबला, अंगणात नाटकाचा मंच. फाटकावर मात्र जुने जमादारच राहिले. बावीस वर्षं त्यांनी इथे कैदी मोजले होते, आता ते आम्हाला मोजत. आत जाताना "सात... आठ", बाहेर येताना पुन्हा "सात... आठ". आकडा जुळला की "गिनती पक्की!" अशी आरोळी, मगच फाटक बंद; म्हणून आम्ही त्यांना गिनतीबाबा म्हणायचो. कीर्तनकारबुवांनाही सूट नव्हती. "एक बुवा, एक टाळकरी!"

बाकीच्या पोरी हसायच्या. मला संताप यायचा, कारण मी कॉलेजात होते आणि खादी नेसत होते. मी मंडळाच्या सेक्रेटरींना लिहिलं, "स्वतंत्र देशाच्या नागरिकांची गुरांसारखी मोजणी लाजिरवाणी आहे. सदर इसमास दूर करावे." 'सदर इसम' मला इतकं आवडलं की मी ते चारदा वापरलं. सेक्रेटरींनी बाबांच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि महिनाअखेर फाटकाजवळची खोली सोडायला सांगितलं. दुसरं घर त्यांना नव्हतं. ते फाटकाच्या समोरच्या निंबाखाली जाऊन बसू लागले.

नाटकात मी राणी होते. राणीला शेवटी मरायचं होतं, आणि मरताना घाई करणं मला आवडत नसे. एका दुपारी तालमीनंतर मी शेवटच्या कोठडीत एकटीच मरण्याचा सराव करायला आडवी झाले. बाहेर वैशाखाचं ऊन, आत दगडी गारवा. राणी मेली नाही, घोरू लागली. जाग आली तेव्हा सेक्रेटरी कोठड्यांना कुलपं घालून घरी गेले होते. आधी मी राणीच्या आवाजात ओरडले, मग माझ्या, आणि शेवटी "आई गं!"

निंबाखालून बाबांनी आठ पोरी आत जाताना पाहिल्या होत्या, बाहेर सातच आल्या. तसेच ते उन्हात सेक्रेटरींच्या दारी गेले.

"साहेब, एक पोरगी कमी आहे."

"तुमची गिनती बंद केली ना?"

"कागदावर केली. डोळ्यायची कशी करू?"

सेक्रेटरींनी दिलेल्या किल्लीनं कोठडीचं कुलूप उघडून बाबा म्हणाले, "रडून काहून राहिली वं? राणी ना तू?"

मी हुंदके देत अर्जाची कबुली दिली.

"ठाऊक आहे. वाचून दाखवला मले. सदर इसम मीच ना?"

दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागे घेतला. किल्ल्या आणि खोली बाबांकडे परत आली, ती ते गेले तोवर त्यांचीच राहिली. पण त्या दुपारी, पदरानं नाक पुसत मी विचारलं होतं, "काढून टाकल्यावरही तुम्ही या फाटकासमोर का बसता, बाबा?"

ते म्हणाले, "अवं पोरी, बावीस वर्षांत इथून सुटलेल्या एकाही माणसानं जाताना मले 'येतो' नाही म्हटलं. तुम्ही पोरी रोज म्हणता, 'येते हं, बाबा.' तेवढं ऐकाले बसतो."