उजव्या कॉलमाची राखणदार

उपासनाताई मूळची पुलगावची. राहते फ्रीमाँटला, माझ्या शेजारच्या खोलीत, आणि पीएचडी करते पॅसिफिकमधल्या एका बेटावर गोऱ्यांच्या राज्यात निघणाऱ्या वर्तमानपत्रावर. मुलगी अमेरिकेत काय करते, असं कुणी विचारलं की तिची आई सांगते, "पेपर वाचते." यात खोटं काहीच नाही.

पेपर सरकारी. डाव्या कॉलमात साहेबाची इंग्रजी, उजव्यात बेटाची भाषा. तिच्या गाइडचं मत ठाम होतं: उजवा कॉलम म्हणजे डाव्याचं ढिसाळ भाषांतर, एकच गोष्ट तीनतीनदा. तसं नाही हे मार्चपर्यंत पटवून दे, नाहीतर ते प्रकरण प्रबंधातून काढ.

ताईला ते तीनतीनदा ओळखीचं वाटलं. तिच्या वस्तीत विहारासमोर शंकररावकाका पेपर मोठ्यानं वाचायचे. मुद्दा एकदा सगळ्यांसाठी, एकदा उशिरा आलेल्यांसाठी, एकदा कमी ऐकू येणाऱ्यांसाठी.

"हे भाषांतर नाहीच रे प्रफुल्ल. वाचून दाखवायला लिहिलंय."

"सिद्ध कसं करणार?"

"गाडी काढ."

तेव्हापासून दर रविवारी हेवर्डला, बेटावरच्या लोकांच्या चर्चमध्ये. तिथल्या सिनामावशी, रिटायर्ड नर्स, तिला भाषा शिकवायच्या. "स्वर गिळतेस पोरी. भूक लागलीय का?"

"घरी बुद्धवंदना आणि रविवारी चर्च. काकूंना सांगू का?" मी परतताना विचारलं.

"सांग. तू तिथं फक्त जेवायला येतोस, ते मी सांगते."

मी रेडिओ लावला.

फेब्रुवारीत तिनं गाइडलाच चर्चच्या हॉलमध्ये आणून बसवलं. जेवणं चालू असतानाच सिनामावशींनी उजव्या कॉलमातली रस्त्याच्या बेगारीची बातमी वाचायला घेतली. इंग्रजीत ती दोन ओळींची होती. मुद्दा पहिल्यांदा आला तेव्हा चमचे थांबले. दुसऱ्यांदा म्हाताऱ्यांनी एका सुरात हुंकार दिला. तिसऱ्यांदा दाराशी आत्ताच पोचलेल्यांनीही दिला. त्यांना कुणी शिकवून ठेवलं नव्हतं. बेटावर निरोप असाच ऐकतात.

गाइड पुढे सरकले. "पुन्हा वाचाल?"

"तीनदा झालं की," सिनामावशी म्हणाल्या. "तुम्हाला किती लागतं?"

हॉल हसला. गाइडही हसले, जरा उशिरा.

गाडीत बसल्यावर ताई म्हणाली, "प्रकरण राहिलं. पण एका बातमीवर भागणार नाही म्हणाले. सगळे अंक मोठ्यानं वाचून तपासायचेत."

"सगळे?"

"सगळे. आपल्यातली भिंत पातळ आहे. हुंकार द्यायची सवय करून घे."